मुलगा परदेशात असतो

सर – जरा हळू बोला, बाई. इथलं बोलणं खालच्या मजल्यावर स्वच्छ ऐकू जातं.

कार्यकर्ती – बरं. मग फॉर्मवर वय काय लिहू?

सर – ब्याऐंशी.

कार्यकर्ती – तुमचं लिहिलंय, सर. मुलाचं?

सर – त्रेपन्न. लिहा ना. का थांबलात?

कार्यकर्ती – थांबले नाही. पेन अडलं जरा.

सर – चाळीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली मी. पोरगं थापा मारतंय की नाही, ते मला त्याच्या खांद्यांवरून कळतं.

कार्यकर्ती – मग खरंच सांगते. मी या केंद्रात लागले तेव्हा माझ्याकडे सतरा-अठरा वर्षांची मुलं होती. शाळा सोडून खोलीत बसलेली. आता माझ्या यादीतली निम्मी माणसं माझ्या वडिलांच्या वयाची आहेत. ‘मुलाचं वय’ असं छापलेल्या रकान्यात पन्नासच्या वरचा आकडा लिहायला अजून हात धजत नाही.

सर – ती काही एका रात्रीत पन्नाशीची झाली नाहीत. चौदा वर्षांपूर्वी मी आलो होतो तुमच्या केंद्रात. तेव्हा हा एकोणचाळीसचा. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, आमची मर्यादा पस्तीस. लवकर आणायला हवं होतं. जसं काही मी नासलेलं दूध घेऊन गेलो होतो.

कार्यकर्ती – ती मर्यादा आता काढून टाकलीय.

सर – वाचलं पेपरात. म्हणून तर परवा आलो तुमच्याकडे. नाहीतर तुमच्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नव्हतो.

कार्यकर्ती – आत बसून किती वर्षं झाली?

सर – सत्तावीस. एका बियाण्यांच्या कंपनीत कारकून होता. साहेब नवा आला, तो याला सगळ्यांदेखत उभा करायचा. चुका वाचून दाखवायचा. एका सोमवारी हा उठलाच नाही. म्हणाला, उद्या जातो.

कार्यकर्ती – तुम्ही काय केलंत?

सर – मला जे येत होतं ते केलं. दंडाला धरून फाटकापर्यंत ओढत नेला. पायजम्यावर. समोरून शाळेची मुलं चालली होती, माझ्याच वर्गातली. त्यांनी मला नमस्कार केला. मी एका हाताने याला धरलेलं, दुसऱ्या हाताने नमस्कार घेतला.

कार्यकर्ती – नंतर?

सर – नंतर काय? तो परत आत गेला. तेव्हापासून आतच आहे. पण त्याचा त्रास काही नाही हं, बाई. दाराबाहेर स्टूल आहे, त्यावर ताट ठेवतो. तासाभराने ताट धुऊन पुसून स्टुलावर परत. दुपारी दोन ते चार मी झोपतो, म्हणजे पडून राहतो. त्या वेळात तो आंघोळ उरकतो. पायात कापडी सपाता. आवाज नाही, काही नाही. खोकतसुद्धा नाही.

कार्यकर्ती – खोकतसुद्धा नाही?

सर – फॉर्म पुरा करा. माझं काम छोटं आहे. माझ्या हृदयाची झडप बदलायचीय, एकवीस तारखेला. दहा-बारा दिवस दवाखान्यात राहावं लागेल. तेवढे दिवस तुमच्या माणसाने येऊन स्टुलावर डबा ठेवायचा आणि जायचं. जिन्यात कोणी विचारलं तर सांगायचं, सरांची झाडं जगवायला येतो.

कार्यकर्ती – झाडं? एवढी झाडं कुठायत घरात?

सर – दोन कुंड्या आहेत.

कार्यकर्ती – सर, पण असं का सांगायचं?

सर – कारण माझा मुलगा परदेशात असतो.

कार्यकर्ती – दुसरा मुलगा?

सर – मला एकच आहे.

कार्यकर्ती – म्हणजे, लोकांना तुम्ही...

सर – तुमच्या केंद्रातून परत येत होतो, त्या दिवशी. नासलेलं दूध घेऊन. जिन्यात खालच्या बाई भेटल्या, म्हणाल्या, मुलगा दिसत नाही हल्ली. तोवर मी सांगत आलो होतो की तो घरी बसून परीक्षांचा अभ्यास करतो. एकोणचाळीसाव्या वर्षी कसली परीक्षा सांगू? तोंडातून निघून गेलं, परदेशी चाललाय. मग तसं करावं लागलं.

कार्यकर्ती – तसं म्हणजे?

सर – मी आणि ही, भरल्यासारखी दिसेल अशी बॅग घेऊन सकाळी स्टेशनवर गेलो. त्याला पुढे पाठवलंय म्हणालो. तासभर बाकावर बसलो, चहा घेतला आणि परत आलो. बॅगेत उशा होत्या.

*

(नऊ दिवसांनंतर. बंद दारासमोर, ताटाच्या स्टुलावर बसून.)

कार्यकर्ती – पुन्हा मीच. केंद्रातली. ही तिसरी खेप. तुमचे वडील रक्त तपासायला गेलेत, किल्ली मला देऊन. तुम्ही बोललंच पाहिजे असं काही नाही. मीच थोडा वेळ बडबडते आणि जाते. आज बसला मला इतका उशीर झाला की...

मुलगा – हळू.

कार्यकर्ती – काय म्हणालात?

मुलगा – हळू बोला, प्लीज. बाबा बाहेर गेलेले खालच्या बाईंनी पाहिलं असणार. मग घरात बोलतंय कोण, असं त्यांना वाटेल. मंगळवारी त्या लवकर येतात.

कार्यकर्ती – बरं. असं? इतकं हळू चालेल?

मुलगा – हो. माफ करा. माझा आवाज... खरखरतोय. बोलायची सवय नाही.

कार्यकर्ती – मला छान कळतंय. तुम्हाला सगळ्यांच्या वेळा माहीत दिसतात.

मुलगा – माहीत ठेवाव्या लागतात. बाबा घरात नसले की मी नळ सोडत नाही. पाइप खालच्या न्हाणीघरातून जातो, घरघरतो. संडासात बादलीने पाणी टाकतो, थोडं थोडं, कडेने. खोकला आला तर उशीत. तुम्ही विचारत होतात ना बाबांना, खोकत कसा नाही म्हणून. मी ऐकलं.

कार्यकर्ती – मग ऑपरेशनचंही ऐकलं असेल.

मुलगा – हो. झडप. एकवीस तारीख. माझ्याशी ते काही बोलले नाहीत. स्टुलावर चिठ्ठी ठेवतात, साबण संपला का, नवा बल्ब हवा का. झडपेची चिठ्ठी नाही आली.

कार्यकर्ती – तुम्हाला भीती वाटते?

मुलगा – तुम्ही हे सगळं लिहून घेता का?

कार्यकर्ती – नाही. वही पिशवीत आहे.

मुलगा – मग सांगतो. वाटते. पण त्यांच्या मरणाची तेवढी नाही. त्यांना काही झालं तर लोक घरी येतील. दार उघडतील. आणि मी सापडेन. सापडेन हाच शब्द येतो मनात. चोर सापडतो तसा. आपले वडील आजारी असताना माणसाला असं वाटतं, हे किती वाईट आहे ते मला कळतं.

कार्यकर्ती – वाईट नाही म्हणणार मी. तुम्हाला बाहेर यावंसं कधी वाटलं होतं का? नको असेल तर राहू दे.

मुलगा – एकदा. आई गेली त्या दिवशी. नऊ वर्षं झाली. मी दुपारी आंघोळ केली. तिने आणलेला निळा शर्ट घातला. दाढी करताना दोनदा कापलं. कडीवर हात ठेवला होता. जाणार होतो. खरंच जाणार होतो. बाहेरच्या खोलीत माणसं होती. कोणीतरी विचारलं, मुलगा कधी पोचतोय? आणि बाबा म्हणाले, त्याला रजा मिळाली नाही.

कार्यकर्ती – आणि तुम्ही दाराच्या आत.

मुलगा – चार पावलांवर. एक बाई म्हणाल्या, कसली मेली नोकरी ती, आईला शेवटचं बघायला सोडत नाही. दुसऱ्या म्हणाल्या, नोकरीचं काही नाही, यायचंच नसेल. मग पुढे महिनाभर जो येई तो मला चार शब्द सुनावून जाई. मी हात कडीवरून काढला. कसा येणार होतो? मी तर परदेशात होतो.

कार्यकर्ती – हे तुमच्या वडिलांना ठाऊक आहे?

मुलगा – नाही. आणि सगळं त्यांच्यावर ढकलतोय असं समजू नका. आधीची तेरा वर्षं माझी स्वतःची आहेत. तेव्हा हे परदेशाचं खोटं नव्हतं, तरी मला जमलं नाही. अजूनही कदाचित जमायचं नाही. पण आता जमलं तरी पंचाईत. मी बाहेर पडलो तर बाबा खोटे ठरतात. अर्ध्या गावाला त्यांनी शिस्त लावलीय.

कार्यकर्ती – म्हणजे ते तुम्हाला झाकतात, आणि तुम्ही त्यांना.

मुलगा – असं इतकं नीटनेटकं नसतं ते, बाई. कधी कधी मला त्यांचा इतका राग येतो की मी ताट तसंच परत ठेवतो. मग ते दुसऱ्या दिवशी अंडं जास्त घालतात.

कार्यकर्ती – मी हे त्यांना सांगू का? शर्टाचं. तुम्ही नाही म्हणालात तर ते इथेच राहील.

मुलगा – जिन्यात पावलं वाजतायत. बाबाच. मधे थांबतायत. पूर्वी थांबत नसत.

कार्यकर्ती – सांगू का?

मुलगा – सांगा. मला त्यांच्यासमोर नाही जमायचं. पण रागावून नका सांगू. त्यांना दम लागतो.

*

सर – इथे मैदानावर कशाला आणलंत? घरात खुर्च्या नव्हत्या?

कार्यकर्ती – घरात तुम्ही हळू बोलता, सर. मला तुमचा खरा आवाज ऐकायचा होता.

सर – ऐका मग. मी तुम्हाला बोलावलं ते डबा ठेवायला. माझ्या घराचा पंचनामा करायला नाही! नऊ वर्षांपूर्वी मी कोणाला काय म्हणालो याचा हिशेब तुम्ही मला विचारणार? तुमचं वय काय?

कार्यकर्ती – चौतीस.

सर – चौतीस. तुमच्या वयाला हा आठ वर्षं आत बसून झाला होता. तेव्हा कुठे होतात तुम्ही लोक? मी एकट्याने काय काय केलं ठाऊक आहे? तो परदेशात आहे म्हटल्यावर लोक गप्प बसत नाहीत. हुद्दा काय, विचारतात. बढती झाली का, विचारतात. दोन बढत्या दिल्या मी त्याला. लग्न लावून दिलं. एक मुलगी झाली त्याला, आता आठ वर्षांची आहे. सगळं लक्षात ठेवावं लागतं. एकदा सांगितलेलं बदलता येत नाही.

कार्यकर्ती – बसा, सर. पाणी घ्या.

सर – नकोय पाणी. ... द्या.

कार्यकर्ती – तुम्ही एकट्याने केलंत, हे खरं आहे. आम्ही नव्हतो, तेही खरं आहे.

सर – बढती दिली की बरं वाटायचं मला. एक-दोन दिवस छाती पुढे काढून चालायचो. हे कोणाला सांगू नका.

कार्यकर्ती – नाही सांगणार.

सर – त्याने शर्ट घातला होता म्हणालात.

कार्यकर्ती – निळा.

सर – ही दर दोन वर्षांनी त्याच्यासाठी शर्ट आणायची. दुकानदाराला मापाला माझे खांदे दाखवायची आणि म्हणायची, याहून थोडे पडलेले. मी म्हणायचो, कुठे जायचंय त्याला घालून? ... कडीला हात लावला होता?

कार्यकर्ती – हो.

सर – मी तिकडे तोंड करूनच बसलो होतो, बाई. दाराकडे. माणसं आली की मी नेहमी त्या दाराकडे तोंड करून बसायचो, कोणी चुकून उघडू नये म्हणून. मला वाटतं दाराच्या फटीतून मी कडी हललेली पाहिली. तेव्हा वाटलं, वाऱ्याने असेल. आतली कडी वाऱ्याने कशी हलेल?

कार्यकर्ती – सर...

सर – आणि मग मी ते रजेचं बोललो. आधी कडी हलली, मग मी बोललो. क्रम असा आहे. हे तुम्ही त्याला सांगायचं नाही. ते मी सांगेन.

*

सर – जागा आहेस ना? मी स्टुलावर बसलोय. ताट खाली ठेवलंय, पाय लागू देऊ नकोस. उत्तर देऊ नकोस हवं तर. उद्या सकाळी आठला गाडी येणार आहे, दवाखान्याची. त्या केंद्रातल्या बाई येतायत माझ्याबरोबर. इथे डबा घेऊन रोज त्यांचा एक माणूस येईल, पन्नाशीचा आहे. तो स्वतः अकरा वर्षं आत होता म्हणे. झाडांना पाणी घालायला येणार नाहीये तो. तुझ्याकडे येणार आहे. तसंच सांगणार आहे सगळ्यांना.

मुलगा – सगळ्यांना?

सर – संध्याकाळी मी खालच्या बाईंकडे गेलो होतो. सांगितलं.

मुलगा – काय सांगितलंत?

सर – की माझा मुलगा वर आहे. कधी कुठे गेलाच नाही.

मुलगा – मग?

सर – मला वाटलं होतं, म्हणतील, असू द्या हो सर, होतं असं. त्या नुसत्या कणीक मळल्यासारखे हात चोळत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, चौदा वर्षं मी माझ्या पोराला तुमच्या मुलाचा दाखला देत आले. बघ सरांचा मुलगा, बघ सरांचा मुलगा. शेवटी तो घर सोडून गेला, आता फोनही करत नाही. आणि सरांचा मुलगा वर बसलेला होता? एवढं बोलून दार लावलं त्यांनी माझ्या तोंडावर.

मुलगा – मला ऐकू आलं. दार. वाटलं, वाऱ्याने आपटलं.

सर – नाही. वाऱ्याने नाही. ... ऐक. तुझ्या आईच्या वेळी मी कडी हललेली पाहिली होती. तू येतोयस हे मला कळलं होतं. कळलं आणि मग मी ते रजेचं बोललो. मुद्दाम मोठ्याने. तुला ऐकू जावं म्हणून. इतकंच सांगायचं होतं. माफ कर म्हणत नाही. ते म्हणायला फार सोपं जाईल मला.

मुलगा – मला वाटत होतं तुम्हाला माहीत नव्हतं.

सर – हं.

मुलगा – नऊ वर्षं मी तेच धरून होतो. की बाबांना माहीत नव्हतं.

सर – मी उठू का इथून?

मुलगा – नको. ... मला एक मुलगी आहे म्हणे.

सर – त्या बाईंनी हेही सांगितलं?

मुलगा – नाही. तुम्ही फोनवर सांगायचात लोकांना. तिचे दात पडले, तिला पोहायला येतं. नाव कधी ऐकू आलं नाही. काय ठेवलंत?

सर – तुझ्या आईचं.

मुलगा – चांगलं केलंत.

सर – कडी काढतोयस का तू? घाई नाही. मी बघत नाही. मी भिंतीकडे तोंड करतो, हवं तर.

मुलगा – बघा. काही हरकत नाही.

सर – अरे... पांढरे झाले की रे सगळे. आणि वाकलास किती. ताठ उभा... नाही, राहू दे. आहेस तसा उभा राहा.

मुलगा – तुम्हीही बारीक झालात. दारातून आवाज येतो तेव्हा मोठे वाटता.

सर – दवाखान्यात येशील? उद्या म्हणत नाही. नंतर, एखाद्या दिवशी.

मुलगा – नाही जमणार, बाबा. फाटकापर्यंतसुद्धा नाही. उगाच हो म्हणून तुम्हाला तिकडे वाट बघायला लावत नाही.

सर – बरं. ... बरं झालं सांगितलंस. फोन उचलशील? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वगैरे. मी घरात नसताना तो वाजला तर वाजू द्यायचा, असं मीच तुला चिठ्ठीत लिहिलं होतं. ते आता नाही.

मुलगा – उचलीन.

सर – कधी करू? तुझी आंघोळीची वेळ सोडून करतो.

मुलगा – कधीही करा. मी घरीच आहे.